ओल्ड बॉनेटवरची वही

सोमवार, ८ ऑक्टोबर १९८४

पोचले एकदाची. बिटर वेल्सपासून बासष्ट मैल, त्यातले शेवटचे एकोणीस असे की माझ्या दाढा अजून खुळखुळताहेत. पण म्यूल कॅन्यनचं शेवटचं वळण घेतलं आणि समोर केबिन दिसली, मागे ओल्ड बॉनेटचं शिखर सरळ आभाळात घुसलेलं, तेव्हा मी स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेला बरेल म्हणाला, टाळ्या वाजवून झाल्या असतील तर पाण्याचे कॅन उतरव, पोरी, चाळीस आहेत.

बरेल पेनहॉल हा माझा या कामावरचा जोडीदार. वय चौसष्ट. आजा कॉर्नवॉलहून इथल्या चांदीच्या खाणीत कामाला आला, बाप त्याच खाणीची धूळ खाऊन खोकत मेला, आणि हा आता त्याच खाणींना कुंपणं घालत फिरतो. चाळीसचे चाळीस कॅन मीच उतरवले. म्हाताऱ्याने सावलीत बसून मोजले आणि वर, एक कमी भरतोय असं सांगून मला पुन्हा मोजायला लावलं. एकही कमी नव्हता. आमचं जमणार असं दिसतंय.

खाण खात्याने बर्फ पडेपर्यंतची मुदत दिली आहे. या डोंगररांगेत सोडून दिलेल्या खाणींची एकेचाळीस तोंडं कागदावर आहेत. प्रत्येक तोंड शोधायचं, मोजायचं, नकाशावर टिंब द्यायचं, काटेरी तार ओढायची आणि पाटी ठोकायची: आत गेलात तर मराल. बरेल म्हणतो, ज्यांना आत जायचंच असतं तेवढेच लोक ही पाटी थांबून वाचतात. मी अकरा वर्षं शाळेची बस चालवली आहे. पाट्यांचा काय उपयोग होतो ते मला कुणी शिकवायला नको.

इथली शांतता मात्र गोड आहे. साठ पोरांच्या किंचाळण्यानंतर तर फारच.

आयडाला पत्र टाकून आले आहे. ती वीस तारखेला, शनिवारी, अंडी आणि पीचचा केक घेऊन येणार आहे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आयडा सतरा. तिने शाळा सोडली, धुलाईच्या दुकानात उभी राहिली आणि मला वाढवलं. तिचा एकच शौक, वाळवंटातली शिखरं. यादीत नव्व्याण्णव आहेत, तिची एक्क्याण्णव झाली. ओल्ड बॉनेट राहिलंय, आणि जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती त्याचं नाव काढत नाही. आज शिखराकडे बघताना तिचीच आठवण आली. जगात माझं म्हणावं असं ते एकच माणूस आहे.

बुधवार, १० ऑक्टोबर

आज कॅरी लू खाण. इथली सगळ्यात मोठी, आणि सगळ्यात लबाड. तोंड विहिरीसारखं वाटतं, पण सरळ खाली न जाता तिरकं जातं. बरेलने दोर धरला आणि मी तीस फूट उतरले. तिथे जुन्या लाकडांचा माच आहे, अजून भक्कम. पुढे काळोख.

माचावर उभी असताना गालाला वारा लागला. वर येऊन सांगितलं तर बरेलने टोपी मागे सारली आणि म्हणाला, वारा लागतोय म्हणजे खालून दुसरं तोंड आहे, आणि ते कागदावर नाही, म्हणजे साहेबांच्या कागदाला भोक पडलं. दुपारभर ते शोधत बसलो. शेवटी सापडलं ते डोंगराच्या पार खालच्या अंगाला, येण्याच्या रस्त्याच्या बरोबर वर. माणूस ओणवा होऊन जाईल एवढंच. कंदील घेऊन मी आत शिरले आणि रांगत माचापर्यंत जाऊन आले. चारशे वीस पावलं. एका जागी छप्पर इतकं खाली आलंय की पोटावर सरकावं लागतं. वटवाघळं मोजली, एकशे अकरा. एक केसांत अडकलं तेव्हा मी जे शब्द काढले ते बरेलला बाहेर ऐकू गेले. म्हणाला, बसवाल्यांना बरंच येतं की.

रात्रीला बीन्स आणि कॉर्नब्रेड. झोप अशी लागली की कूस बदलल्याचं आठवत नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

सुट्टी, म्हणून ओल्ड बॉनेट चढलो. सकाळी सहाला निघालो, साडेअकराला माथ्यावर. घसरत्या दगडगोट्यांतून दोन पावलं वर, एक खाली. बरेल पुढे, आणि थांबायचं नाव नाही. मी मागून त्याला मनात शिव्या देत होते, त्यातल्या काही तोंडानेही दिल्या असतील.

माथा म्हणजे एक मोठा खडक, दीड पुरुष उंच, बाईच्या टोपीसारखा पुढे आलेला. त्यावरून शिखराचं नाव. त्याच्या पायथ्याशी खोबणीत पत्र्याचा डबा, डब्यात वही आणि पेन्सिल. वाळवंटात प्रत्येक शिखरावर असा डबा असतो. चढणाऱ्याने नाव, गाव, तारीख लिहायची. नियम एकच. आधी खडकाच्या टोकाला हात लावायचा, मग सही. आयडा या नियमाबद्दल इतकी कडक आहे की एकदा धुक्यात टोक चुकलं म्हणून पाच तास चढलेला डोंगर ती सही न करता उतरली होती.

बरेल खारीसारखा वर गेला, टोकावर थोपटलं, उतरला. माझी पाळी आली तेव्हा वारा असा सुटला की खडकाला चिकटून उभी राहिले. तीनदा पाय लावला, तीनदा काढला. शेवटी म्हटलं, चार हात वर गेले काय न गेले काय, डोंगर तर चढलेच ना. आणि सही ठोकली.

मग मला आयडा आठवली. तिचं राहून गेलेलं शिखर, तो गुडघ्यावरचा लांबलचक व्रण. रोवेना टॅगार्ट या माझ्या नावाखाली मी लिहिलं: आयडा टॅगार्ट, कार्सन सिटी, धाकट्या बहिणीसोबत. शनिवारी आली की तिला सांगीन, तुझं बॉनेट झालं म्हणून. चिडेल, पण मग हसेल.

बरेल हसला नाही. म्हणाला, इकडे माणूस पत्त्यांत फसवतो, बायकोला फसवतो, घोडा विकताना तर हटकून फसवतो, पण डब्याला कोणी फसवत नाही. मी म्हटलं, डबा काय पोलिसात जाणार आहे का? त्याने खांदे उडवले.

वही चाळली. जुन्या सह्यांपुढे कोणीतरी हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा केल्या आहेत, मास्तर गृहपाठ तपासतात तशा. चार नावांपुढे खूण नाही. त्यातलं एक लक्षात राहिलं कारण शेरा गमतीचा होता: डोरोथी मेशम, फ्रेस्नो, वाऱ्याने टोपी नेली, नवऱ्याला मात्र नेलं नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरात सूचना: वही भरली की कळवावे, अ. प्रुइट.

सोमवार, १५ ऑक्टोबर

आज पाहुणे. जेवायला बसणार तेवढ्यात दारात एक उंच, सडपातळ, सत्तरीचे गृहस्थ उभे. टोपी काढून छातीशी धरलेली. अ‍ॅल्डन प्रुइट, तेच ते वहीवाले. निवृत्त गणित शिक्षक आहेत. डोंगराच्या पलीकडे त्यांची गाडी उभी असते, आणि वर्षातले आठ महिने ते शिखराशिखरावर फिरून डब्यांत कोऱ्या वह्या आणि टोकदार पेन्सिली ठेवतात. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही. बरेल त्यांना वीस वर्षं ओळखतो. आयडासुद्धा त्यांचं नाव घेते, अशा माणसांमुळे या छंदाची अब्रू राहते म्हणते.

बोलणं इतकं मृदू की पुढे झुकून ऐकावं लागतं. येताना खजूर आणले होते. बीन्स दोनदा वाढून घेतले आणि मीठ पुढे करा म्हणतानाही माफी मागितली. मला आवडले.

मग म्हणाले की काल बॉनेटवर जाऊन आलो, तुमची सही बघून आनंद झाला, नवीन माणसं येताहेत. आणि सहज विचारलं, टोकावर मोजणीवाल्यांनी बसवलेली पितळी चकती आहे ना, ती सैल झाली होती, अजून आहे का तशीच? मी घास चघळत म्हटलं, हो, थोडी हलते. आयडाताईंनीही पाहिली असेल, ते म्हणाले. म्हटलं, पाहिली म्हणजे काय, ती तर तिच्यावर बसलीच होती फोटोला. मग पश्चिमेच्या बाजूने उतरून गेली, कामावर जायचं होतं. येत्या शनिवारी यायचीच आहे, तुम्हीच विचारा तिला.

खोटं बोलायला लागलं की मला थांबता येत नाही. लहानपणापासूनचं आहे.

बरेलची कॉफी सांडली. प्रुइट रुमाल काढून स्वतःच पुसायला लागले. निघताना माझा हात हातात घेऊन, किती सुबक हात आहे म्हणाले, चित्र काढता का? म्हटलं, बसचे गिअर टाकते.

ते गेल्यावर बरेल दारापाशी जाऊन ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, वर चकती नाही. एकोणीसशे अडुसष्टमध्येच कोणी काढून नेली, नुसता खडक आहे. आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मला कानापर्यंत लाज वाटली. चोरून बिस्किट खाताना पकडल्यासारखं. बरेल म्हणतो उद्याच जाऊन दोन्ही नावं खोडून येऊ. मी म्हटलं, एवढ्यासाठी पुन्हा साडेपाच तास? आयडा आली की जाऊ, तिच्या देखत खोडीन. त्याने पुन्हा खांदे उडवले, पण आज दाराला आतून लाकूड लावलंय. विचारलं तर म्हणाला, कोल्हे.

बुधवार, १७ ऑक्टोबर, दुपार

कॅरी लूच्या खालच्या तोंडाशी, आत बसून लिहिते आहे. लिहून ठेवलं पाहिजे, जसं झालं तसं.

सकाळी बरेलला पाठीत चमक होती, म्हणून एकटीच निघाले. कॅरी लूच्या वर अर्ध्या मैलावर दगडी कोठी सापडली. खाणवाले सुरुंगाची दारू ठेवायचे तशी, डोंगरात अर्धी गाडलेली. कागदावर नाही. दार गंजलेलं, कुलूप कोरं. मला वाटलं आत जुनी दारू असेल तर खात्याला कळवावं लागेल. पहारीने बिजागरी उचकटली.

आत फळीवर कॉफीचे सहा डबे. पुसलेले, रांगेत. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. पहिला उघडला. मीठ होतं. बोट घातलं तर काहीतरी कडक लागलं. मी ते ओढून काढलं.

हात होता. मनगटापासून कापलेला उजवा हात. वाळून तपकिरी, नखं लांब, अंगठी तशीच. चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरात: डोरोथी मेशम, ओल्ड बॉनेट, मे १९८१, ओळ सात.

चार डब्यांत चार हात. सगळे उजवे. मी चारही का उघडले देव जाणे. एकाचं मनगट एका घावात तुटलेलं नव्हतं, तीन-चार घाव होते.

उरलेले दोन डबे रिकामे. चिठ्ठ्या बांधून तयार. रोवेना टॅगार्ट. आयडा टॅगार्ट.

पहार तिथेच टाकली. मग पळत सुटले. केबिनच्या वरच्या उंचवट्यावर आले तेव्हा खाली पाण्याच्या पिंपाशी दोघं उभे दिसले, बरेल आणि तो प्रुइट. दरीत आवाज चढतो, शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो त्याच मऊ आवाजात विचारत होता, तुम्ही सोबत होतात, पेनहॉल, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, मुलीने टोकाला हात लावला का? बरेल म्हणाला, लावला. मी खालून तिचे बूट धरले होते. आणि बहिणीने? बहिणीनेही, आणि आता माझ्या अंगणातून चालता हो.

डब्याला कोणी फसवत नाही म्हणणारा म्हातारा. माझ्यासाठी.

प्रुइटने मान हलवली, दुःख झाल्यासारखी. मग पाठीमागून खाणवाल्यांचा चार पौंडी हातोडा काढला आणि बरेलच्या तोंडावर मारला. नेमका तोंडावर. बरेल बसला. हात वर केले तर त्याने ते बाजूला सारले, मुलाचे सारावे तसे, आणि पुन्हा मारला. पुन्हा. जबडा निखळून लोंबायला लागला तरी बरेल उठायला बघत होता. मी मोजत होते, मला कळतच नव्हतं की मी मोजते आहे. नऊ. मग तो पिंपावर हातोडा धुवत बसला.

गाडीचे चारी टायर बसलेले दिसले. मी दगडाआडून सरकत इथे आले.

पाणी अर्धी बाटली. रस्ता एकोणीस मैल. पहाटे निघणार. आयडाला काही माहीत नाही, तिने तर मला सांगितलंही नव्हतं तिचं नाव घालायला. मी घातलं. माझ्या हाताने.

शुक्रवार असावा

डावा हात. अक्षर लागणार नाही. लागेल तेवढं.

काल पहाटे निघाले. दोन मैल. तो रस्त्याकडेला दगडावर बसला होता, खजूर खात. गुड मॉर्निंग म्हणाला.

पळाले. हातोडा गुडघ्यावर. हाडाचा आवाज ऐकला आधी, दुखलं नंतर.

रेल्वेचा जुना स्लीपर होता. त्यावर माझा हात. त्याने बाही दुमडली, नीट, दोन घड्या. मी चावले त्याला. दंडाचा लचका तोंडात आला, थुंकला. तो ओरडलाही नाही. हात सरळ ठेवा, वाकडा तुटतो, म्हणाला.

कुऱ्हाड. दोन घाव. पहिल्यात बोटं अजून हलत होती.

पट्टा त्यानेच बांधला कोपराच्या वर. घट्ट. म्हणाला मी खुनी नाही, ज्या हाताने लिहिलं तो माझा, बाकीचं डोंगर बघेल. मी विचारलं मग बरेल? तोंडाने खोटं बोलला, तो म्हणाला. जसं काही गणितच.

आयडाने काही केलं नाही. हे मी शंभरदा सांगितलं. मी लिहिलं, तिला माहीत नाही, ती नव्हतीच. पाया पडले. तो म्हणाला नाव आहे ना वहीत. शनिवारी येते म्हणालात.

मग कॅरी लूच्या तोंडातून ढकललं.

माचावर पडले. लाकडं टिकली. त्याला वाटलं असेल संपली. खालच्या तोंडाचं त्याला माहीत नाही— कागदावर नाही—

चारशे वीस पावलं. पावलं नाहीत आता. कोपर, कोपर, पाय ओढायचा. पोटावर सरकायची जागा— तिथे अडकले. मनगट दगडाला घासलं. बेशुद्ध. पुन्हा. अंगावर काहीतरी चालत होतं.

शनिवारच्या आधी तोंडाशी पोचायचं. बाकी काही नको.

शनिवार, २०

पोचले. ऊन आहे. जीभ तोंडात मावत नाही.

रस्ता खाली, बराच खाली. दोरीशिवाय उतार उतरता येत नाही, गुडघा नाही. ओरडून पाहिलं. आवाज निघत नाही, नुसती हवा.

केबिनच्या धुराड्यातून धूर. तो तिथे. तिथे वाट बघतोय तिची. आयडा केबिनवर पोचायच्या आत इथे खालीच थांबली पाहिजे. इथून वळली तर वाचेल.

होकायंत्र खिशात आहे. झाकणाला आरसा. ऊन बरोबर आहे. आरसा दाखवला की थांबेल, लहानपणी शिकवलंय मला तिनेच. थांबेल, वर बघेल, मी हात हलवीन— मागे ढकलल्यासारखा. परत जा, परत जा—

धूळ.

दूर, तिसऱ्या वळणावर. निळी गाडी. तिचीच.

आरसा धरला. गाडी हळू झाली. देवा. थांबली. बरोबर खाली, कोरड्या ओढ्याशी. उतरली. लाल स्वेटर. लंगडते आहे थोडी. डोळ्यांवर हात धरून वर बघते. दिसले. दिसले तिला मी. हात हलवते आहे, हसते आहे. मी हात हलवते, जा, जा म्हणून— तिला वाटतंय ये म्हणते—

ओढ्याच्या काठाखालून

कोणीतरी उठलं सावलीतून. टोपी काढली. छातीशी.

धूर तसाच आहे केबिनवर. चूल पेटवून ठेवली होती त्याने. तो तिथे नव्हताच. मी थांबवलं तिला. मी—

ती माझ्याकडे बोट दाखवते त्याला. तो वर बघतो. बराच वेळ. मान हलवतो.

ओळखते ती त्याला. नाव माहीत आहे तिला. आयडा नको

हात पुढे केला त्याने. तिनेही. उजवा. सोडत नाहीये. तळहात उलटा करून बघतोय, ती हसते, काहीतरी थट्टा करते आहे— बाही— तिची बाही दुमडतोय, एक घडी— ती आता हसत नाही

आयडा हात ओढ हात ओढ हा